जमिनींतील लोहाचा गंज : त्याचें पृष्ठ, त्याची स्थिरता व पिकांचें पोषण

पावसाळ्यांत वखराची पास चार दिवस गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहिली म्हणजे तिच्यावर तांबूस थर चढतो. तीच पास पुन्हां शेतांत चालूं लागली कीं दोन-चार तासांत घासून चांदीसारखी लखलखते. हा अनुभव आपणां सर्वांचा नित्याचा आहे, आणि म्हणूनच त्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाहीं. परंतु जो तांबडा थर पासेवर चढतो त्याच जातीचा थर आपल्या शेतांतील मातीच्या असंख्य कणांवर बसलेला आहे. आणि आपण घातलेल्या खतापैकीं पिकाला काय मिळावें व काय अडकून पडावें, याचा निवाडा बराचसा त्या थराच्या पृष्ठावर होत असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखकासही ती ठाऊक नव्हती. बोदवडच्या शिवारांत चुनखडीच्या काळ्या जमिनींत लावलेल्या कागदी लिंबाच्या बागेची नवी पालवी पिवळी पडूं लागली. 'लोह कमी पडलें आहे' असें ऐकून त्यानें हिराकशीचीं पोतीं विकत आणिलीं, झाडांच्या आळ्यांत ती हिराकस सुकीच टाकली व वरून पाणी सोडलें. महिन्यानें पाहिलें तों पालवी होती तशीच पिवळी, आणि आळ्यांत मात्र गंजाचे तांबूस डाग ! पैसा गेला, बहार हातचा गेला, आणि वर असें कळलें कीं जमिनींत लोह मुळींच कमी नव्हतें. मग झाडें उपाशी कां राहिलीं ? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें समजलें तें आपल्या बंधूंपुढें पाठरूपानें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. गंज म्हणजे काय ?

धातूचा प्राणवायूशीं संयोग होऊन जो पदार्थ बनतो त्यास ऑक्साइड म्हणतात. लोखंडाचा गंज हें लोहाचें ऑक्साइड होय. त्यांत बहुधा पाण्याचाही अंश असतो. हीं ऑक्साइडें एक नाहींत, अनेक आहेत, आणि त्यांपैकीं चार शेतकऱ्यानें ओळखून ठेवण्यासारखीं आहेत.

पहिलें हेमॅटाइट. आपण तुळशीवृंदावनास व ओट्याच्या कडेस ज्या गेरूचा हात देतों त्याचा तांबडा रंग याचाच. दुसरें गोएथाइट, पिवळ्या गेरूचा रंग तो याचा. जर्मन कवि गटे यास खनिजांचा मोठा नाद होता, त्याच्या नांवावरून हें नांव १८०६ सालीं पडलें. तिसरें फेरिहायड्राइट. विहिरीच्या लोखंडी नळांत किंवा झऱ्याच्या तोंडाशीं जो मऊ, बुळबुळीत, तांबूस गाळ सांचतो त्यांत हें पुष्कळ असतें. हें गंजाचें बाळरूप समजावें. चवथें मॅग्नेटाइट, हें काळें असून लोहचुंबकास चिकटतें. आपल्या नाल्याच्या वाळूंतून एखादा चुंबक फिरवून पाहावा, म्हणजे काळ्या कणांची दाढी त्यास लोंबूं लागेल.

हे काळे कण येतात कोठून ? खानदेशची जमीन ज्या काळ्या पाषाणापासून झाली तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे, आणि त्या पाषाणांत लोह विपुल आहे. ऊन, पाऊस व हवा यांनीं तो पाषाण कुजत गेला, तसतसें त्यांतील कांहीं लोह चिकणमातीच्या अंगांतच गुंतून राहिलें, कांहीं मॅग्नेटाइटच्या कणांत तसेंच राहिलें, आणि कांहीं सुटें होऊन पुन्हां गंजाच्या रूपानें कणांवर बसलें. आपल्या जमिनीचा रंग काळा आहे म्हणून तींत गंज नाहीं असें कोणीं समजूं नये.

२. गंज कोठें रक्षण करतो व कोठें खातो ?

गंज हा नेहमींच शत्रु नव्हे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरही ऑक्साइडचा थर असतो. परंतु तो केवळ कांहीं नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या कांहीं दशलक्षांशाइतका असून धातूस इतका घट्ट बिलगून बसतो कीं खालच्या धातूपर्यंत हवा पोंचत नाहीं. लोखंडाच्या गंजाचें तसें नाहीं. तो मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळें फुगतो, तडकतो आणि पापुद्रे होऊन गळतो. त्याच्या भेगांतून पाणी व हवा पुन्हां आंत शिरतात व लोखंड पुढें खाल्लें जातें.

तरी लोखंडावरही घट्ट थर बसूं शकतो याचें उदाहरण दिल्लीस कुतुबमिनारापाशीं उभें आहे. तेथील लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षांचा असून त्याचें वजन सहा टनांहून अधिक आहे. लोणारी कोळशाच्या भट्टींत केलेल्या त्या लोखंडांत स्फुराचा अंश अधिक राहिला. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेंतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम् यांनीं या स्तंभाचा बारकाईनें अभ्यास करून असें दाखविलें कीं, त्या स्फुरामुळें लोखंडालगत एक दाट थर तयार झाला व त्यानेंच स्तंभ राखला. याचा अर्थ असा कीं गंजाची जात, त्याची घडण व त्याच्या पृष्ठावर काय बसलें आहे यांवर सारें अवलंबून आहे. हीच गोष्ट आतां मातीच्या संबंधानें पाहावयाची आहे.

३. पृष्ठावरील अणूंची अवस्था

हेमॅटाइटच्या कणाच्या पोटांत लोहाच्या प्रत्येक अणूभोंवतीं प्राणवायूचे सहा अणु असतात, आणि प्राणवायूच्या प्रत्येक अणूस लोहाचे चार अणु धरून असतात. ही मांडणी कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी चालते. परंतु कण कोठें तरी संपावयाचाच. आणि जेथें तो संपतो तेथील अणूंची मात्र पंचाईत होते. आंतल्या बाजूचे सोबती आहेत, बाहेरच्या बाजूस कोणी नाहीं !

कडब्याची गंजी रचतांना आपण हें पाहतोंच. आंतील पेंढ्यांस चहूंकडून आधार असतो, म्हणून त्या हालत नाहींत. कडेच्या पेंढ्या मात्र एका अंगानें उघड्या पडतात. वाऱ्यानें प्रथम त्याच सुटतात. म्हणून कुशल शेतकरी कडेच्या पेंढ्या जराशा आंत कलत्या बसवितो, वरून आच्छादन करितो व दोरानें आवळतो. ऑक्साइडचें पृष्ठही आपला बंदोबस्त अशाच तीन रीतींनीं करितें. एक रीत, कडेचे अणु आपल्या जागेवरून किंचित् आंत सरकतात. दुसरी, कांहीं अणु जागा सोडून जातात व उरलेले नवी मांडणी करितात. तिसरी, पृष्ठ बाहेरून जें मिळेल तें पांघरून घेतें.

यांपैकीं दुसऱ्या रीतीचें एक सुंदर उदाहरण अलीकडेच उघडकीस आलें. १९८१ सालीं झ्युरिक येथें बिनिग व रोहरर या दोघां शास्त्रज्ञांनीं असें यंत्र सिद्ध केलें कीं, त्याच्या अत्यंत अणकुचीदार सुईनें पृष्ठावरील एकेक अणु चांचपतां येतो. त्याबद्दल त्यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. अशा यंत्रांनीं मॅग्नेटाइटच्या पृष्ठाची पाहणी वर्षानुवर्षें चालली होती, तरी त्याची नेमकी रचना वादग्रस्तच होती. २०१४ सालीं व्हिएन्ना येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, या पृष्ठाच्या एका ठरीव बाजूवर सर्वांत वरच्या थरांत नव्हे, तर त्याच्या खालीं फेरफार होतो : ठराविक अंतरानें लोहाचे दोन अणु आपली जागा सोडतात आणि त्यांऐवजीं एकच अणु मधल्या रिकाम्या जागीं येऊन बसतो. वरून पाहणाऱ्यास भिंत सरळ दिसते. पायांतील दोन दगड काढून तेथें एक दगड आडवा घातला आहे हें कळत नाहीं. एवढ्या फेरानें त्या पृष्ठास स्थैर्य येतें.

आपल्या शेतांत मात्र मुख्यतः तिसरी रीत चालते, कारण तेथें ओलावा सदैव असतो. पाण्याचा रेणु उघड्या लोह-अणूवर येऊन बसतो व तेथें फुटतो. त्याचा एक तुकडा लोहास व दुसरा शेजारच्या प्राणवायूस चिकटतो. अशा रीतीनें गंजाच्या कणावर पाण्यापासून झालेल्या हायड्रॉक्सिल गटांचें आच्छादन पसरतें. मातींतील गंजाचा कण कधींही उघडा नसतो. तो हें पांघरूण घेऊनच असतो. आणि पिकाच्या अन्नाशीं ज्याची गांठ पडते तो आंतला कण नसून हें पांघरूण होय.

४. एका ग्रॅमांत दोन गुंठे

कोणी म्हणेल, कणाच्या कडेवर अशी कितीशी जागा असणार ? तर ऐकावें. कण जितका बारीक तितकें त्याचें एकूण पृष्ठ अधिक. ढेंकूळ फोडलें म्हणजे उघडी बाजू वाढते, तसेंच हें आहे. एक ग्रॅम ताज्या फेरिहायड्राइटचें पृष्ठ दोनशें चौरस मीटरांहूनही अधिक भरतें. एक गुंठा म्हणजे सुमारें एकशें एक चौरस मीटर. तेव्हां चिमूटभर गंजांत दोन गुंठे जागा सामावलेली असते! मातींत अशा गंजाचा अंश शेंकडा एक जरी असला तरी एकरभर जमिनींत केवढें क्षेत्र झालें याचा हिशेब वाचकांनींच करावा.

परंतु इतकें पृष्ठ बाळगणें हें कणास जड जातें. पृष्ठ म्हणजे अपुरे राहिलेले बंध, आणि अपुरे बंध म्हणजे अस्थिरता. म्हणून बाळगंज फार काळ बाळ राहत नाहीं. त्याचे सूक्ष्म कण विरघळून अथवा एकत्र येऊन हळूहळू गोएथाइट किंवा हेमॅटाइट यांचे मोठे, नीटस व स्थिर स्फटिक बनतात. उन्हाळ्याची उष्णता व वारंवार सुकणें-भिजणें यांनीं ही क्रिया पुढें सरते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें बाळगंज हा पैसा हातांतला व जुना स्फटिक हा पैसा जमिनींत पुरलेला. कारण पिकाचीं मुळें बाळगंजांतून थोडें तरी लोह काढूं शकतात, जुन्या स्फटिकापुढें त्यांचें फारसें चालत नाहीं.

आतां एक महत्त्वाची गोष्ट. या बाळगंजाच्या पृष्ठावर जर सेंद्रिय आम्लें, सिलिका किंवा स्फुरद बसलें असेल, तर कणाचें स्फटिकांत रूपांतर मंदावतें. कुजलेल्या शेणखतांतून हीं सेंद्रिय आम्लें मिळतात. अर्थात् शेणखत हें केवळ अन्न पुरवितें असें नव्हे. तें जमिनींतील गंजास लवकर म्हातारा होऊं देत नाहीं. आपल्या वाडवडिलांस अणूंचें ज्ञान नव्हतें, तरी उकिरड्याचें मोल त्यांनीं अचूक जाणलें होतें.

५. पृष्ठावरील भार : कोंकण व खानदेश

हायड्रॉक्सिलच्या पांघरुणाचा एक विशेष असा कीं, सभोंवतालच्या आम्लतेप्रमाणें त्याचा विद्युत्-भार बदलतो. माती आम्ल असेल, म्हणजे तिचा सामू कमी असेल, तर पृष्ठावर धनभार येतो. सामू वाढला कीं तो कमी होतो आणि सुमारें सात ते नऊ या सामूच्या दरम्यान केव्हां तरी शून्य होऊन पुढें ऋणभार येतो. स्फुरदाचे आयन ऋणभारी असल्यामुळें आम्ल जमिनींतील गंजाकडे ते ओढले जातात. इतकेंच नव्हे, तर पांघरुणांतील हायड्रॉक्सिल गटांस बाजूस सारून ते स्वतः लोहाच्या अणूंस बिलगतात. एकेक स्फुरद दोन-दोन लोह-अणूंस हात देऊन बसतो. मग त्यास उठविणें कठीण.

कोंकणांतील तांबड्या जमिनींत हाच प्रकार चालतो. तेथील जांभा दगड लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा बनलेला आहे. खाणींत ओला असतां तो कुऱ्हाडीनेंही तासतां येतो, पण हवेंत सुकला म्हणजे टणक होतो. या दगडास लॅटेराइट हें नांव फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील अशाच दगडावरून १८०७ सालीं प्रसिद्ध केलें; त्या शब्दाचा अर्थ वीट असा आहे. अशा जमिनींत घातलेल्या सुपर फॉस्फेटचा मोठा भाग गंजाच्या पृष्ठावर अडकतो. भातखाचरांत पाणी उभें राहिलें म्हणजे प्राणवायूच्या अभावीं जमिनींतील जंतु गंजांतील लोहाचें रूपांतर विरघळणाऱ्या द्विभारी लोहांत करितात, कणाचें पृष्ठच ढांसळतें, व त्याबरोबर अडकलेलें स्फुरदही कांहीं अंशीं सुटतें. भातास पाण्यांत स्फुरद बरें मिळतें याचें हें एक कारण होय.

आपल्या खानदेशांत स्थिति वेगळी आहे. येथील काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो व चुनखडीचें प्रमाण पुष्कळ असतें. तेथें गंजाच्या पृष्ठावर धनभार थोडाच उरतो. येथें स्फुरद अडकतें तें मुख्यत्वें चुनखडीच्या पृष्ठावर व कॅल्शियमशीं संयोग पावून. तेव्हां कोंकणांत व आपल्याकडे स्फुरदाची अडचण एकच असली तरी अडविणारा निराळा आहे. मात्र लोहाच्या बाबतींत आपली अडचण कोंकणापेक्षां फार मोठी आहे.

६. कोठार भरलेलें, पण कुलूप लागलेलें

थोडा हिशेब करूं. एक एकर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर सुमारें नऊ लाख किलो भरतो. त्यांत शेंकडा पांच लोह धरलें तर पंचेचाळीस हजार किलो लोह झालें. पिकास हंगामांत लागतें एखादा किलो किंवा त्याहूनही कमी. मग उपासमार कशाची ?

कुलूप आहे तें गंजाच्या स्थिरतेचें. त्रिभारी लोह पाण्यांत किती सुटेल हें सामूवर अवलंबून असतें. सामू एक अंकानें वाढला कीं गंजांतून सुटणारे मुक्त त्रिभारी लोह-आयन हजार पटीनें घटतात. सामू सहावरून आठवर गेला तर ते दहा लाख पटीनें घटले ! म्हणून माती-परीक्षणांत एकूण लोह मोजीत नाहींत. लिंडसे व नॉर्व्हेल या शास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें डीटीपीए नांवाच्या द्रावणांत जेवढें लोह सुटेल तेवढेंच मोजतात. तें दर किलो मातीस साडेचार मिलिग्रॅमपेक्षां कमी भरलें तर जमीन लोहाच्या दृष्टीनें अपुरी समजतात. एकरीं हिशेब केला तर हें सुमारें चार किलो होतें. पंचेचाळीस हजारांपैकीं चार किलो ! बाकीचें कोठार कुलुपांत.

त्यांत चुनखडीच्या जमिनींत पाणी फार झालें म्हणजे अडचण आणखी वाढते. मुळांच्या व जंतूंच्या श्वासानें झालेला कर्बवायु पाण्यांत मिसळून चुनखडी विरघळवितो व बायकार्बोनेट तयार होतें. हें बायकार्बोनेट मुळांनीं सोडलेलें आम्ल जागच्या जागीं मारून टाकतें. म्हणूनच सतत ओल राहिलेल्या सखल भागांतील झाडें प्रथम पिवळीं पडतात.

वनस्पतीही स्वस्थ बसत नाहींत. कापूस, भुईमूग, सोयाबीन, लिंबू इत्यादि रुंद पानांच्या वनस्पति मुळांजवळ आम्ल सोडतात आणि मुळांच्या सालीवर त्रिभारी लोहाचें द्विभारी लोह करून तें आंत ओढतात. गवताच्या कुळांतील पिकें दुसरा मार्ग धरितात : तीं मुळांतून एक विशेष अम्ल-द्रव्य सोडतात, तें गंजाच्या पृष्ठावरील लोहास कवळून सोडवून आणतें. जपानांत ताकागी या शास्त्रज्ञानें १९७६ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. जव व गहूं हीं पिकें हें द्रव्य मुबलक सोडतात. ज्वारी मात्र यांत कंजूष आहे, म्हणून चुनखडीच्या जमिनींत गव्हापेक्षां ज्वारी लवकर पिवळी पडते.

७. रोगाची ओळख

येथें नांवाचा घोटाळा टाळला पाहिजे. ऊस, भुईमूग इत्यादींचीं नवीं पानें पांढुरकीं पिवळीं झालीं म्हणजे 'केवडा पडला' असें आपण म्हणतों. परंतु ज्वारी-मक्यावरील एका बुरशीजन्य रोगास आणि भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणुजन्य रोगासही लोक केवडाच म्हणतात. नांव एक, कारणें तीन. औषध एकच कसें चालेल?

लोहाच्या कमतरतेची खूण अशी : प्रथम अगदीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, दुखणें वाढलें तर सारें पान पांढरें होतें. खालचीं जुनीं पानें हिरवीं असतात, कारण एकदां पानांत बसलेलें लोह नव्या पानाकडे जात नाहीं. उलट नत्र कमी पडलें तर जुनीं पानें आधीं पिवळीं होतात. भेंडींत शिराच पिवळ्या पडतात. जस्ताच्या कमतरतेंत पानें लहान राहून पेरीं आंखूड होतात. संशय असेल तर एका झाडाच्या एकाच फांदीवर हिराकशीचें सौम्य पाणी लावून पाहावें. आठ-दहा दिवसांत तेवढीच फांदी हिरवी झाली तर दुखणें लोहाचेंच.

८. घरीं करून पाहण्याजोगा प्रयोग

कांचेच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्याव्या. पहिलींत पावसाचें किंवा बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी, दुसरींत चुनखडीच्या जमिनींतील विहिरीचें पाणी, आणि तिसरींत तेंच विहिरीचें पाणी घेऊन त्यांत लिंबाचा रस घालावा. प्रत्येकींत ताज्या हिरव्या हिराकशीची सारखी चिमूट टाकून हालवावें व उघड्या ठेवाव्या. दुसऱ्या बाटलींतील पाणी लवकरच गढूळ होऊन कांहीं वेळानें तळाशीं तांबूस गाळ बसूं लागेल. पहिली व तिसरी त्या मानानें पुष्कळ वेळ निवळ राहतील. दुसरी बाटली म्हणजे आमच्या लिंबाचें आळें होय ! द्विभारी लोहास हवा व विम्लता मिळाली कीं तें त्रिभारी होऊन गंजाच्या रूपानें खालीं बसतें. हिराकशीचें पोतें दमट जागीं उघडें राहिलें तर हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते, तेंही याच कारणानें. अशी हिराकस विकत घेऊं नये.

९. उपाय

पहिला उपाय पानांवर फवारा. शंभर लिटर पाण्यांत अर्धा किलो ताजी हिराकस व शंभर ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळावें. आम्ल आधीं विरघळवावें, मग हिराकस घालावी, द्रावण त्याच दिवशीं वापरावें आणि फवारा सायंकाळीं कोंवळ्या पानांवर द्यावा. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां फवारावें. कारण पुढें फुटणाऱ्या पानांस आधींच्या पानांतील लोह मिळत नाहीं.

दुसरा उपाय जमिनींतून देण्याचा. सुकी हिराकस चुनखडीच्या मातींत मिसळणें म्हणजे पैशाचा गंज करणें होय. द्यावयाचीच तर ती चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून, कांहीं दिवस मुरवून, मुळांजवळ चर काढून द्यावी, म्हणजे सेंद्रिय आम्लें लोहास कवळून धरितात. सुपर फॉस्फेटमध्यें हिराकस मिसळूं नये. दोघांचा संयोग होऊन दोन्हीही अडकतात. विहिरीच्या जड पाण्यांतून ती ठिबकानेंही सोडूं नये, नाहीं तर तोट्या गाळानें बुजतील.

तिसरा उपाय चिलेट. सेंद्रिय द्रव्यानें लोहास खेकड्याच्या नांगीप्रमाणें धरलेलें असतें म्हणून हें नांव. परंतु बाजारांत सर्व चिलेटें सारखीं नाहींत. ईडीटीए जातीचें चिलेट सुमारें साडेसहा सामूच्या वर लोह सोडून देतें व तेथें कॅल्शियम धरितें. म्हणून आपल्या जमिनींत तें घालणें व्यर्थ, फवाऱ्यास मात्र चालतें. ईडीडीएचए जातीचें चिलेट चुनखडींतही टिकतें, पण तें महाग आहे. डब्यावरील अक्षरें वाचल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. या एका अक्षरभेदानें पुष्कळ बागाइतदारांचा पैसा वायां जातो.

चवथा व कायमचा उपाय जमिनीच्या व्यवस्थेचा. सखल जागीं चर काढून निचरा करावा. पाणी बेतानें द्यावें. दरसाल शेणखत किंवा हिरवळीचें खत घालावें. स्फुरदाचें खत फेंकून न देतां बियाण्याच्या खालीं ओळींत पेरावें, म्हणजे अडविणाऱ्या पृष्ठाशीं त्याची गांठ कमी पडेल. फळबाग लावण्यापूर्वीं खड्ड्यांतील चुनखडी पाहावी : मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले असतां जोरानें फेंस आला, तर तेथें मोसंबी-लिंबू लावण्याआधीं माती तपासून घ्यावी. बाग लावल्यावर पस्तावण्यापेक्षां आधीं चार थेंब खर्च करणें स्वस्त पडतें.

अवजारांविषयीं एकच शब्द. रासायनिक खतांतील क्षार गंजास चेतवितात. म्हणून खत पेरलेली पाभर व फवाऱ्याचा पंप त्याच दिवशीं धुवून पुसावा, आणि पास व फाळ ठेवण्यापूर्वीं त्यांस तेलाचा हात द्यावा. पृष्ठास कांहीं तरी पांघरूण हवेंच असतें. आपण तेलाचें दिलें नाहीं तर तें पाण्याचें घेतें.

१०. सारांश

गंजाचें पोट स्थिर असतें, पृष्ठ अस्थिर असतें, आणि त्या अस्थिरतेमुळेंच तें पाणी, स्फुरद व सेंद्रिय आम्लें यांस धरितें. कण जितका बारीक व ताजा तितका तो पिकास उपयोगी. जितका जुना व स्फटिकमय तितका कुलुपबंद. आपल्या जमिनींत लोहाची वाण नाहीं. सामू व चुनखडी यांनीं त्यास कुलूप घातलें आहे. त्या कुलपाची स्वस्त किल्ली कुजलेल्या शेणखताची, तातडीची किल्ली फवाऱ्याची, आणि महाग किल्ली योग्य जातीच्या चिलेटाची. कोठार पाहिल्याशिवाय धान्य विकत आणणारा गृहस्थ जसा शहाणा म्हणवत नाहीं, तसा माती तपासल्याशिवाय खत विकत घेणारा शेतकरीही म्हणवणार नाहीं. लेखकानें ही फी एका बहाराच्या रूपानें भरली आहे. वाचक बंधूंस ती भरावी लागूं नये, अशी इच्छा आहे.